न गोठणारा ढग

ढगोबांच्या यंत्रात आभाळ निरभ्र होतं आणि ढगोबांच्या बायकोच्या डोक्यावर पाच दिवस ढग बसला होता. हवामान खात्यात ध्रुवाकडच्या ढगांचं गणित यंत्रावर मांडून अंदाज सांगतात म्हणून त्यांना सगळे ढगोबा म्हणत. बायको त्याच ध्रुवावरच्या तळावर डॉक्टर. तिला आणायचं विमान ढगोबांच्या भरवशावर तीनदा गेलं आणि तीनदा रिकामं परतलं. आता शुक्रवारपर्यंत जमलं तर जमलं. पुढचं विमान आठ महिन्यांनी.

"यंत्र म्हणतंय, ढग केव्हाच गोठून खाली पडला," ढगोबा फोनवर म्हणाले.

"मग मी पाच दिवस कोणाचं तोंड बघतेय?" बायकोने विचारलं.

त्यात सासूबाई लेकीच्या स्वागताला येऊन बसलेल्या. जावयाच्या घरात सहा महिने झाडू फिरला नव्हता, म्हणून त्यांनी पिण्याचं पाणीसुद्धा आपल्या घरून गाळून, बाटलीत बंद करून आणलं होतं. ती बाटली फ्रीजरमध्ये ठेवून त्या विसरल्या. बुधवारी सकाळी पाहतात तर पाणी तसंच्या तसं, आणि आतला तापमापक म्हणतो उणे आठ. घरातलेही आकडे खोटं बोलू लागले म्हणून ढगोबांनी मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, फ्रीजर ठणठणीत आहे, डोकं तपासून घ्या.

"उणे आठला पाणी पाणी राहत नाही," ढगोबा तडकले. "यंत्रात पंधरा वर्षं हाच नियम आहे. मीच लिहिलाय."

"मग हे काय आहे?" म्हणत सासूबाईंनी बाटली काढली आणि टेबलावर आपटली.

आणि पाणी गोठलं. बाटलीच्या गळ्याशी एक पांढरं चांदणं उमललं आणि फुलत, सरसरत थेट तळापर्यंत उतरलं. मेकॅनिकने हातातला पाना अलगद खाली ठेवला. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा जावयाकडे उत्तरासाठी पाहिलं.

"बर्फाला धरायला धुळीचा कण लागतो, नाहीतर असा धक्का," ढगोबा पुटपुटले. "दोन्ही नसलं की पाणी नुसतं वाट बघत बसतं. तिथली हवा तुमच्या गाळलेल्या पाण्यासारखी आहे, आई. धुळीचा कणच नाही."

त्याच दिवशी त्यांनी नियम खोडला. पडद्यावर ध्रुवाभोवती हजारो मैल ढग दाटून आले, कडाक्याच्या थंडीत थेंबाथेंबाने तरंगणारे. पंधरा वर्षं ते तिथेच होते. ढगोबा आ वासून बघत राहिले. त्या दाटीत शुक्रवारी दहाच्या सुमाराला एक फट होती.

"या खेपेला फसवलंत तर तुम्हालाच तिथे नेऊन ठेवीन," असं बजावून वैमानिक निघाला. आणि फट होती.

बायको दारात आली तेव्हा ढगोबांनी तिला बॅगही खाली ठेवू न देता सगळी हकीकत सांगितली. तिने ती शांतपणे ऐकली. मग कपाटावरून एक बोट फिरवलं आणि बोटाकडे निरखून पाहिलं.

"तो ढग इथे आणायला हवा होता," ती म्हणाली. "पहिल्याच तासाला गोठला असता."