देवचंदचा मोठा भाऊ

देवचंदला मोठा भाऊ नव्हता. तो आईबापांचा एकुलता एक. पण त्या दुपारी पाहुण्यांसमोर त्याच्या तोंडून एक भाऊ निघाला, आणि निघाला तो थेट लकवा मारलेलाच निघाला.

त्याचं असं झालं. देवचंदची मुलगी पुष्पांजली आमगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दुसऱ्या दिवशी गोंदियाला विज्ञान प्रदर्शन होतं, म्हणून तिनं शाळेतला प्लास्टिकचा माणूस स्कूटीवर बांधून घरी आणला होता. माणूस म्हणजे नुसतं डोकं आणि धड. अर्ध्या चेहऱ्याला कातडी, उरलेल्या अर्ध्यावर लाल स्नायू आणि पापणीवाचून वटारलेला एक डोळा. छातीचं झाकण काढलं की आत फुप्फुसं, हृदय, यकृत, आतडी सगळं आपापल्या जागी, आणि प्रत्येकावर पुष्पांजलीनं चिठ्ठी डकवलेली, की याचं नाव काय आणि काम काय. पेशींची ऊती होते, ऊतींचा अवयव, अवयवांची संस्था आणि सगळ्या संस्था मिळून माणूस, हे ती सकाळपासून आईला म्हणून दाखवत होती. जमुनाबाई भाजी निवडता निवडता हो म्हणत होती, पण त्या डोळ्याकडे पाठ करून.

आणि उद्या संध्याकाळी येणारे पाहुणे आजच दारात येऊन उभे राहिले. जीपमधून उतरला मुलगा कुशल, त्याची आत्या रेवंताबाई आणि आजोबा दुलीचंद. त्या घरात शब्द चालायचा तो आत्याचा, आणि आत्याच्या वर फक्त आजोबांचा.

देवचंदला मागचं स्थळ आठवलं. मागच्या स्थळाच्या पाहुण्यांना पुष्पांजलीनं बेडकाचं हृदय बाहेर काढल्यावरही कसं धडधडतं ते रंगवून सांगितलं होतं. ते लोक पोहे अर्धे टाकून गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत. हे स्थळ तसं लाखात एक, मुलगाही पोरीच्या मनात भरलेला. पण लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल असा आत्याबाईंनी आधीच निरोप धाडला होता. देवचंद हो म्हणायच्या बेतात होता. पुष्पांजलीनं मात्र त्याला स्वच्छ सांगितलं होतं, "बाबा, नोकरी सोडा म्हणत असतीन तं मले लग्नच नाही करायचं."

अशात घरात फाडलेला माणूस दिसला तर संपलंच. देवचंदनं धावत जाऊन त्याला मधल्या खोलीतल्या खाटेवर आडवं केलं, पायांच्या जागी उशा लावल्या, गळ्यापर्यंत चादर ओढली, कातडीची बाजू दाराकडे वळवली आणि वटारलेल्या डोळ्यावर दुपट्टा टाकला. उकाड्यामुळे खोलीतला पंखा तसाच फिरत राहिला.

हात धुवायला आत गेलेल्या आत्याबाई त्या दाराशी थबकल्या. हे कोण, असं त्यांनी विचारलं आणि देवचंदची जीभ त्याच्या आधी धावली. मोठा भाऊ, म्हणाला. लकवा मारला, बोलता येत नाही.

"खानदानी बिमारी तं नाही ना?"

"नाही नाही. झाडावरून पडला."

आत्याबाई तिथून स्वयंपाकघरात गेल्या आणि तुमच्या भाऊजींना काय झालं, असं त्यांनी जमुनाबाईला विचारलं. जमुनाबाईनं सांगून टाकलं, की भाऊजी जन्मापासूनच असे आहेत. आत्याबाईंचे डोळे बारीक झाले. चहा आला तेव्हा आधी आजाऱ्याला द्या, असा त्यांनी आग्रह धरला. देवचंद कप घेऊन आत गेला, कढत चहा स्वतःच घशाखाली ओतला आणि डोळ्यांतलं पाणी पुसत रिकामा कप बाहेर घेऊन आला. भावावर किती जीव आहे यांचा, असं आजोबा दुलीचंद हळूच म्हणाले.

आत्याबाईंनी आता खुर्चीच अशी ओढली, की खाट समोर दिसावी. पंख्याच्या वाऱ्यानं चादर वर-खाली होत होती. फार धाप लागते वाटतं त्यांना, असं त्या दोनदा बोलल्या. तेवढ्यात आभाळ दाटून आलं, घरात अंधारलं आणि लाईट गेली. पंखा कुरकुरत थांबला. चादर एकदा वर आली, सावकाश खाली बसली आणि पुन्हा वर आलीच नाही.

"त्यायचा श्वास बंद झाला," आत्याबाई म्हणाल्या.

मग दुलीचंद काठी टेकत उठले. आडव्या आलेल्या देवचंदला त्यांनी काठीनंच बाजूला सारलं, आत गेले आणि दार लोटून घेतलं.

बाहेर आत्याबाई कुजबुजल्या, की घरात माणूस गेला तर वर्षभर लग्नाचं नाव काढता येणार नाही. उशा देवचंदनं स्वतः लावल्या होत्या, तरी जो जन्मलाच नाही त्या भावासाठी त्याचे डोळे खरंच भरून आले. आतून दुलीचंदचा आवाज आला, मग शांतता, मग "हो, हो." आणि मग एक शब्द असा ऐकू आला, की तो दुलीचंदच्या आवाजातला वाटेना. खाट करकरली. काहीतरी टणक खाली पडून घरंगळत गेलं.

जमुनाबाईनं नवऱ्याचा दंड गच्च धरला. "आतमध्ये कोण बोलून राहिलं जी?"

पुष्पांजली भिंतीला टेकून उभी होती आणि तिचाही चेहरा पांढराफटक पडला होता.

दार उघडलं. दुलीचंद येऊन आपल्या जागेवर बसले. "जित्ते आहेत," ते म्हणाले. "माह्याशी बोलले."

"पण त्यायले तं बोलता येत नाही," आत्याबाई म्हणाल्या.

"मले बोलले. म्हणे, मी एका जागी पडून आहो, पण माह्या आतमधला एकएक आपल्या कामावर आहे. काळीज म्हणा, आतडं म्हणा, एकालेबी घरी बसवलं तं अख्खा माणूस बसते. मंग पोरीले काऊन घरी बसवता?" त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. "बिमार माणसाचा शब्द आहे. आपण नाही मोडत. पोरगी नोकरी करन."

आत्याबाईंनी तोंड उघडलं, खोलीकडे पाहिलं आणि मिटलं. कुशल त्या दिवशी पहिल्यांदाच बोलला, की त्याची तर नोकरीला कधीच ना नव्हती. पुष्पांजली वाकून सगळ्यांच्या पाया पडली. जमुनाबाईनं दुरूनच त्या खोलीला हात जोडले.

निघताना दुलीचंदनी देवचंदचा हात दोन्ही हातांत धरला. सोडला तेव्हा देवचंदच्या तळव्यात काहीतरी थंडगार आणि गुळगुळीत राहिलं होतं.

"तुमच्या भावाचं हृदय निघून आलं होतं," दुलीचंद त्याच्या कानाशी म्हणाले. "चिठ्ठ्या वाचता आल्या खिडकीपाशी, पण हे काही मले बसवता नाही आलं. पोरीले सांगा, थे बरोबर बसवन."

जीप सुरू झाली. आत्याबाईंनी डोकं बाहेर काढलं. लग्नात मोठ्या भावाला आणायचंच, त्यांनी बजावलं, पहिल्या अक्षता त्यांच्याच हातानं पडल्या पाहिजेत. निरोपाला दोन्ही हात जोडायचे असतात, पण देवचंदच्या एका हातात भावाचं हृदय होतं, म्हणून त्यानं नुसती मान हलवली.