सिद्रामप्पांचं फ्रीव्हील

उतार लागला की सायकलवरचा कुठलाही शहाणा माणूस पाय थांबवतो, सदऱ्यात वारा भरून घेतो आणि फुकटात पळण्याचं सुख भोगतो. सिद्रामप्पांना हे सुख मंजूर नव्हतं. तामलवाडीत शिरतानाच्या उतारावरून ते खाली यायचे, तेव्हा त्यांचे पाय पायडलांवर असे गरगरायचे की धोतर कुठं संपतं आणि चेन कुठं सुरू होते, ते कळत नसे. कमरेच्या वर मात्र सगळं शांत. डोक्याला फेटा, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि चेहरा कचेरीत बसल्यासारखा गंभीर. मी गावात नवा होतो तेव्हा ब्रेक तुटला असं समजून "धरा, धरा!" करत त्यांच्यामागं धावलो होतो. त्यांनी पाय आवळून सायकल जागच्या जागी उभी केली आणि विचारलं, "कुनाला धरायचं, मास्तर?"

तेव्हा निजामाचं राज्य आमच्या गावाजवळच संपायचं. पलीकडं सोलापूर, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. मधे करोडगिरीचा नाका. तिथं आल्यागेल्या मालावर जकात बसे. सिद्रामप्पा या नाक्याचे गस्तीचे जवान. आडवाटांनी कुणी चोरून माल नेतं का, हे सायकलवर फिरून बघायचं त्यांचं काम. मी शाळेत मास्तर. माझ्या बायकोचं, शांताचं, माहेर याच गावचं, त्यामुळं मला आल्याबरोबर घर मिळालं, आणि घराबरोबर सिद्रामप्पांचा शेजारही मिळाला. आमची त्यांची भिंत एकच होती.

त्या गरगरत्या पायांचं कारण साधं होतं. चारचौघांच्या सायकलीला मागच्या चाकावर फ्रीव्हील असतं. पाय थांबले तरी चाक पळतं, आणि त्यातून टिकटिक आवाज येत राहतो. अप्पांनी ते काढून तिथं एक मुकी, घट्ट चक्री बसवली होती. चाक फिरलं की पाय फिरणारच. मागं जोर दिला की ती चक्री सैल व्हायची, म्हणून तिच्यावर एक कडंही आवळलेलं होतं. मी त्यांना एकदा विचारलं, "अप्पा, हा उपद्व्याप कशाला?"

"पाय हालला तर चाक हालंल," अप्पा म्हणाले. "फुकटचं पळनं आपल्याला बेडा."

बेडा म्हणजे कानडीत नको. आमच्याकडं निम्म्या घरांत दोन्ही भाषा चालायच्या, पण नकार द्यायचा झाला की अप्पा कानडीतच द्यायचे. चहा? बेडा. सणाला जेवायला येता? बेडा. आणि एकदा बेडा म्हणाले की प्रत्यक्ष महादेव आला तरी त्याला अंगणातूनच परत जावं लागलं असतं.

सोमवारी अप्पांचा उपास आणि सायकलीची आंघोळ. महादेवाला बेल वाहून आले की पोत्यावर सायकल उलटी करायची आणि तिचे सांधे न् सांधे मोकळे करायचे. चेन रॉकेलात, पाने ओळीनं फडक्यावर, आणि चाकांतले धुतलेले छर्रे लाकडी काथवटीत. भाकरीचं पीठ मळायची ती काथवट, तिच्यात ग्रीसचे छर्रे लोळताना बघून शांता तोंड फिरवायची. मग एकेक छर्रा ते बोटांत धरून उन्हाकडं करायचे. जरा खरवडलेला दिसला की बाद. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढताना एक डोळा मिटून ते रिमकडं असे बघत की मी शाळेत मुलांची शुद्धलेखनाची वही इतक्या निष्ठेनं कधी बघितली नाही, हे मला मान्य करावं लागतं.

माणूस कडक, आणि त्यातून स्वतःला सूट नाही. नवी चेन, पायडलं, कॉटर पिना, सगळं सोलापुरातून आणायचं. परतताना आपल्याच नाक्यावर उतरून ते चपराशाला हुकूम सोडायचे, "माझी पिशवी उपस." तो बिचारा म्हणायचा, "अप्पा, आता तुमची काय झडती घ्यायची?" अप्पा डोळे वटारायचे. मग पिशवी उपसली जायची, आणि एखादा नट जरी लपून राहिला असला तर चपराशाला नीट न बघितल्याबद्दल बोलणी बसायची.

असा सगळा ताठ कारभार चालला होता. तेवढ्यात अप्पांचा गुडघा बिघडला. त्या मुक्या चक्रीमुळं चढाला पाय ओढावा लागायचा आणि उतारालाही सुटका नाही. अप्पा लंगडत सायकलवर चढू लागले, आणि गस्त उशिरा संपू लागली. नाक्यावर नवे साहेब आले होते. भले गृहस्थ होते, पण काम बघणारे. ते म्हणाले, "अप्पा, पुढच्या मंगळवारी घाटाच्या पायथ्यापर्यंतची पूर्ण गस्त दिवस बुडायच्या आत करून दाखवा. जमली तर राहा. नाही जमली तर परंड्याच्या कचेरीत तुम्हाला बैठं काम देतो."

कुणालाही वाटावं, बरंच झालं. सावलीत बसायचं. पण अप्पांचा चेहरा उतरला. परंडा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. घराला कुलूप लागणार. त्या घरात दुसरं कुणी नव्हतं, ते कुलूप त्यांना इतकं का बोचावं, हे मला कळेना.

मला न कळणाऱ्या गोष्टीत हात घालायची खोड आहे. मी सोलापूरला गेलो आणि अप्पांसाठी एक नवंकोरं फ्रीव्हील आणलं. पाय थांबवता आले की गुडघ्याला विसावा, गस्त वेळेत, परंडा रद्द. हिशेब चोख होता. नाक्यावर नेमके अप्पाच होते. त्यांनी नियमाप्रमाणं माझी पिशवी उपसली आणि ते चकचकीत फ्रीव्हील हातात धरून विचारलं, "हे कुनाचं?"

"तुमचंच," मी ऐटीत म्हणालो. "आता जरा फुकटचं पळा, अप्पा!"

त्यांनी ते फ्रीव्हील माझ्या पिशवीत परत टाकलं. "बेडा म्हनलं ना, मास्तर," एवढंच म्हणाले, आणि चार दिवस भिंतीपलीकडून खोकल्याचासुद्धा आवाज आला नाही.

घरी येऊन मी तणतणलो. भलं करायला जावं तर लोक डोळे दाखवतात, वगैरे. शांता तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अवो, तुमाला मास्तर कुनी केलं?"

मग तिनं सांगितलं. अप्पांची बायको गंगाक्का. मी गावात यायच्या आधीच तापानं गेलेली. "संध्याकाळी अप्पा उतारावर आले की सायकलची टिकटिक इथवर ऐकू यायची. गंगाक्का ती ऐकून तव्यावर भाकर टाकायची. अप्पा दारात येस्तवर भाकर फुगायची. सायकल भिताडाला टेकली की ताटात. एक दिस चुकला न्हाय. ती गेल्यावर आठ दिसांनी अप्पा कामावर गेले. सांजच्याला उतारावर टिकटिक वाजली, आन् घरात तवा गार. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते काढूनच टाकलं."

काथवटीतल्या छर्ऱ्यांचा अर्थही तेव्हा कळला. त्या घरात पीठ मळलंच जात नव्हतं. मला माझी फार लाज वाटली.

सोमवारी अप्पांनी नेहमीसारखी सायकल उलटी केली. माफी कशी मागावी, याची मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. शांतानं वाक्यं जुळवली नाहीत. ती सरळ त्यांच्या अंगणात गेली, काथवट उचलली आणि सगळे छर्रे फडक्यावर ओतले.

"अप्पा, काथवट पिठाची असती. ही म्या नेते."

आता बेडा येणार. अप्पांनी तिच्याकडं बघितलं, काथवटीकडं बघितलं, आणि मान खाली घालून पाना पुसत राहिले. शांता आमच्या ओसरीत बसून राखेनं काथवट घासत होती. तो घासण्याचा आवाज बराच वेळ चालला होता. मग अप्पा उठले. लंगडत आत गेले आणि देवळीतून एक हिरव्या खणाची पुरचुंडी घेऊन आले. आत त्यांचं जुनं फ्रीव्हील होतं. गंज नाही, धूळ नाही. तेल पाजलेलं, कालच काढल्यासारखं. मागच्या चाकाचं कडं सैल करताना त्यांनी मला हाक मारली, "मास्तर, बघत काय उभं ऱ्हायलाव? चाक धरा." मी चाक धरलं. इतक्या आनंदानं मी कुणाचं ऐकलेलं नाही.

मंगळवारी ते सकाळीच निघाले. दिवस कलायला लागला तसा मी अंगणात येरझारा घालू लागलो. शांता मात्र चूल पेटवून, काथवटीत पीठ मळून बसली होती. सूर्य बाभळींच्या शेंड्यावर आला आणि उतारावरून बारीक आवाज आला. टिकटिक, टिकटिक, टिकटिक. मी शांताला हाक मारायला वळलो, तर आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

अप्पांनी सायकल स्वतःच्या भिंतीला टेकवली. कुलपाकडं हात गेला आणि तिथंच थांबला. भाजल्या भाकरीचा वास अंगणात आला होता. ते हळूहळू आमच्या दाराशी आले.

"अप्पा, परंड्याचं काय झालं?" मी विचारलं.

"परंडा बेडा," ते म्हणाले. "साहेबच म्हनले, गस्तीवरच फिरा."

त्यांनी पाय धुतले आणि पहिल्यांदाच आमचा उंबरा ओलांडला. शांतानं ताट मांडलं आणि तव्यावरची भाकर सरळ त्यात सोडली. अप्पा त्या भाकरीकडं बघत राहिले. मग तसंच खाली बघत म्हणाले, "शांता, टायमावर आलो न्हवं?"

"टायमावर आलाव, अप्पा," शांता म्हणाली.

भाकर अजून फुगलेलीच होती.