सर्वांत मोठा गोल

कुंभलकर हवालदारांनी मला वाचवलं. हे आधी सांगते, मग बाकीचं.

ते आमच्याच गल्लीत राहतात, पोलिसांच्या सायबर शाखेत आहेत आणि माणसाला माणूस म्हणत नाहीत. माणूस म्हणजे गोल. तो ज्याच्याशी बोलतो, तिकडे रेघ. शेजारच्या बारशाला त्यांनी पत्रिकेच्या पाठीवर सगळ्या पाहुण्यांचे गोल काढले आणि भर पंगतीत जाहीर केलं, "हे दोघे साडू एकमेकाले बोलत नाही. सारं मावशीच्या मार्फत चालू आहे!" खरंच होतं. साडू लाजून बोलायला लागले, आणि हवालदारांना गल्लीत बोलावणं बंद झालं.

मी राजापूरकडची. सातवीत शाळा सुटली. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले, मेस काढली. जवळच्या कन्हान गावातल्या एका खोलीवरचे सहा जण माझ्याकडून डबा घेत. ते तांब्याची तार चोरतात हे मला कुठून कळणार?

ते पकडले गेले आणि पोलिसांनी मलाही बोलावलं. कॉम्प्युटरवर त्यांच्या फोनच्या नोंदींवरून काढलेले सहा गोल, सगळ्यांच्या रेघा मधल्या सर्वांत मोठ्या गोलात. तो गोल मी. नवे साहेब म्हणाले, "ही टोळीची म्होरकी." अटक झाली असती तर मेस संपली असती, गावी तोंड दाखवायची सोय उरली नसती.

कोपऱ्यातून कुंभलकर म्हणाले, "साहेब, रेघा मोजू नका, टाइम पाहा. रोज अकराले अन् सातले. पंधरा सेकंद. अन् रविवारी सायंकाळी एकही फोन नाही."

"मग?"

"रविवारी सायंकाळी मेस बंद राहते. चोर सुटी घेते का?"

साहेब हसले. मी रडले.

"आता काहून रडून राहिली वं बाई? सुटली ना!"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी डबा घेऊन गेले. दारातच अडवलं. "केस चालू आहे. साक्षीदाराचं अन्न मले चालत नाही."

आत भिंतीवर अख्ख्या गल्लीचा कागद होता, गोलच गोल. धीर करून विचारलं, "यात तुमचा कुठला?"

त्यांनी कडेचा एक बारका गोल दाखवला. त्याला एकही रेघ नव्हती. "ऑफिसचे फोन मी यात मोजत नाही," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

अनोळखी नंबर आला तर अजून मी उचलत नाही. पण रोज दुपारी मी स्वतः एक फोन करते. "जेवलात का?" ते "हो" म्हणून लगेच ठेवतात. उचलतात मात्र पहिल्याच रिंगला.

केसचा निकाल लागू दे. त्या दिवशी त्यांना माझ्या घरी पाटावर बसवून गरम भात आणि सोलकढी वाढणार. त्यांचं ताट भरल्याशिवाय माझं घेणार नाही.