तिठ्यावरचा नारळ

शिरपतकाका तिठ्यावरचे उताऱ्याचे नारळ उचलून घरी नेतात आणि खातात. आमच्या गावात त्यांची ओळख करून द्यायला एवढं पुरतं. बाकी ते एका कारखान्यात वॉचमन होते, आता घरी असतात, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, हे कोणी विचारत बसत नाही.

तिठा म्हणजे कुंभिवलीच्या पुढे हायवे सोडून आमच्या गावाकडे रस्ता वळतो, तिथली चिंचेखालची जागा. ती वाईट आहे याबद्दल गावात दुमत नाही. तिथे नक्की कोण असतं, एवढ्यावरच भांडणं आहेत. कोणी म्हणतं, ट्रकखाली गेलेला क्लीनर येऊन पाना मागतो. कोणी म्हणतं, पांढऱ्या साडीतली बाई शिळफाट्यापर्यंत लिफ्ट मागते. घरात कोणी आजारी पडलं आणि औषधाने गुण येईना, की आजारी माणसावरून नारळ, लिंबू, दहीभात ओवाळायचा, तिन्हीसांजेला तिठ्यावर नेऊन ठेवायचा आणि मागे वळून न बघता घरी यायचं. हा उतारा. तो जो ओलांडेल किंवा उचलेल, त्याच्यामागे ते दुखणं लागतं म्हणतात. म्हणून सकाळी सगळं गाव तिथे वळसा घालतं. बाइकवाले इस्त्रीच्या पँटीनिशी चिखलात उतरतात, पण उताऱ्याच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत.

शिरपतकाका तेवढे सरळ जातात, वाकतात आणि नारळ हलवून आतलं पाणी ऐकतात. मग सगळं पिशवीत भरतात.

"काका, त्या बाईचं तरी भय धरा," मी एकदा म्हणालो.

"शिळफाट्याला शेअर रिक्षा मिळते रं. ती कशाला कोनाच्या गाडीवर बसंल?" काका म्हणाले. "भूत बीत काय नाय. रात्रपाळ्या करून म्हातारा झालो, एक भेटला नाय. आनि चांगला नारळ वाया कशाला घालवायचा?"

'वाया कशाला घालवायचा' हे त्यांचं पालुपद. त्या नारळाच्या ते वड्या करतात आणि मोठ्या आग्रहाने लोकांपुढे धरतात. त्यांच्या घरी गेलेल्या माणसाला अचानक मधुमेह आठवतो. दहीभात नुसता असला की "आज साधं हाय" म्हणायचे. सोबत अंडं असलं की म्हणायचे, "कोनाकडं तरी जड दुखनं दिसतंय."

काकांच्या पायाला भिंगरी आहे. एका जागी बसलेले ते कोणाला आठवत नाहीत. नारळ नेला की दिवसभर गावात घिरट्या. या ओट्यावरून त्या ओट्यावर, आणि प्रत्येक ठिकाणी एकच चौकशी: "तुमच्यात कोन आजारी हाय का? आज जरा बरं वाटतंय का?" लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला फार चांभारचौकशा. शिवाय त्यांना स्वतःला सतत काही ना काही झालेलं असायचं. कधी खोकला, कधी कंबर, कधी डोळे. उघड्यावरचा दहीभात खाल्ल्यावर दुसरं काय होणार, असं माझं मत होतं. मी रसायनीला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे माझी मतं शास्त्रीय असतात.

ही मतं गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गळून पडली. माझ्या मुलीला, सईला डेंग्यू झाला. खोपोलीला दवाखान्यात ठेवली, तरी ताप हटेना, पेशी रोज कमी होत होत्या. बायको तिच्या उशाशी आणि मी दवाखाना ते घर, घर ते दवाखाना. कुठेच बूड टेकवत नव्हतं. आईने गुपचूप सईवरून नारळ ओवाळून आणला आणि माझ्या हातात दिला. मी एका शब्दाने वाद घातला नाही. कंपनीच्या बॅगेत पत्रावळ लपवून तिठ्यावर गेलो, सगळं मांडलं, आणि मागे न बघता, जवळजवळ पळतच घरी आलो.

सकाळी जागा रिकामी होती.

"ज्याचं त्याला पोचायच्या आधीच हा मेला पोचला," आई रडकुंडीला येऊन म्हणाली. "आता कसा उतरायचा ताप?"

माझं डोकंच फिरलं. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. भर दुपारी तावातावाने काकांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. काका त्या उकाड्यात गोधडी घेऊन पडले होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "पोरीचा ताप उतरला का रं?"

"तो उतारा आमचा होता हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तिठ्यापाशी रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसलो हुतो. ठेवल्यावर मागं बघायचं नसतं, म्हनून तुला दिसलो नाय." ते या कुशीवरून त्या कुशीवर झाले. "सकाळपासून पडलोय, पन मला अजून काय होत नाय रं. नुसता घाम येतोय."

मी खाली बसलो.

"तुझ्या काकीच्या टायमाला मी पन ठेवला हुता," काका म्हणाले. "रोज जाऊन बघायचो. कोनी उचलला नाय, कोनी ओलांडला नाय. सगळे लांबून गेले. मुंग्या लागल्या त्याला. तिचं दुखनं तिच्याकडंच राहिलं." त्यांनी गोधडी सारखी केली. "लोकांचं काय चुकलं? परत्येकाच्या घरात कोन ना कोन हाय. माझ्यामागं कोन हाय? मी उचलला तर कोनाचं काय जातंय."

"पण तुम्हीच म्हणता, भूत नसतं."

"भूत नायच. दुखनं तर हाय ना? ते कुठंतरी ठेवायला लागतं."

भांडायला आलेला मी, मला रडू आवरेना. पुढे सई बरी झाली. ती सलाईनने की नारळाने, हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. पण त्या दुपारी तिचा ताप तसाच होता आणि काय होईल ते कोणालाच माहीत नव्हतं.

"जरा हात लावून बघ रं," काका म्हणाले. "माझं मला कळत नाय."

मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं.

"कणकण आहे काका," मी म्हणालो. "चांगलीच आहे."

"आली का?" त्यांनी गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली. मी आल्यापासून पहिल्यांदाच ते स्वस्थ पडले. "मग तू हितं काय बसलास? जा. पोर उठून बसली असंल, तिला भूक लागली असंल."