बदकाचा पडताळा

बुधवारी संध्याकाळी डिशवॉशर रिकामा करताना मिलिंद सहज म्हणून गेला, "या रविवारी आईंना मी बाहेर जेवायला नेतो." अर्चनाने हातातला चमचा खाली ठेवला आणि नवऱ्याला ताप आहे का, अशा नजरेने त्याच्याकडे पाहिलं.

आई म्हणजे अर्चनाची आई, सुप्रभाताई. नागपूरच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. मुलीकडे मँचेस्टरला येऊन त्यांना दोन महिने होत आले होते आणि मंगळवारी परतीचं विमान होतं. या दोन महिन्यांत त्यांनी तीन किल्ले, दोन कॅथीड्रल आणि एक जुनी कापडगिरणी पाहिली होती, पण बाहेर एक घासही खाल्ला नव्हता. त्या आल्या आणि पाठोपाठ चातुर्मास लागला. चातुर्मासात त्यांना कांदा चालत नाही, लसूण चालत नाही आणि वांगं तर दृष्टीसही पडलेलं चालत नाही.

प्रयत्न झाले नव्हते असं नाही. डोशाच्या हॉटेलात सांबारात कांदा निघाला, पिझ्झ्याच्या सॉसमध्ये लसूण निघाला. मग एका इंडियन रेस्टॉरंटात मिलिंदने हुशारी केली आणि वेटरला सांगितलं, की आईंना कांद्या-लसणाची ॲलर्जी आहे. (या देशात ॲलर्जी हा शब्द हॉटेलात उच्चारायचा नसतो, हे नऊ वर्षं राहूनही त्याला समजलं नव्हतं.) मॅनेजर आला. शेफ आला. मग एक फॉर्म आला. शेजारच्या टेबलाकडे निघालेला गार्लिक नान मॅनेजरने धावत जाऊन वाटेतच अडवला. शेवटी शेफने फार विचार करून सांगितलं, की मॅडमना सुरक्षितपणे देता येईल असा एकच पदार्थ आमच्याकडे आहे, आणि बाटलीतलं पाणी आणून ठेवलं.

सुप्रभाताईंनी कधी तक्रार केली नाही. तीच तर पंचाईत होती. नागपूरला त्यांच्या भजनी मंडळात चौदा बायका आणि चौदाही जणींचं कोणी ना कोणी परदेशात. परत आलेलीने सगळ्यांना साग्रसंगीत वृत्तांत द्यायचा, अशी तिथली पद्धत. मागच्या वर्षी एकीच्या जावयाने तिला पॅरिसला बोटीत जेवायला घातलं होतं आणि मंडळात अजून तीच बोट चालू होती.

"मी सांगेन ना," सुप्रभाताई शांतपणे म्हणत, "की अर्चूच्या घरचं पिठलं छान होतं."

हे वाक्य चौदा बायकांसमोर उच्चारलं गेलं, की जावई म्हणून आपली कारकीर्द संपली, हे मिलिंदला स्वच्छ दिसत होतं.

वाट दाखवली ऑफिसातल्या साकेतने. साकेत जानेवारीत व्हीगन झाला होता आणि तेव्हापासून दुसऱ्या विषयावर बोललेला कोणी ऐकला नव्हता. त्याच्याकडून कळलं, की शहरात एक चिनी पद्धतीचं बौद्ध मंदिर आहे, तिथे दर गुरुवारी आणि रविवारी व्हीगन बुफे असतो. आठ पौंडांत पोटभर. आणि मंदिराच्या नियमाप्रमाणे कांदा-लसूण वर्ज्य!

मिलिंदने लगेच मंदिराला फोन लावला.

"कांदा नसतो, लसूण नसतो, पातीचा कांदासुद्धा नसतो," पलीकडच्या बाई म्हणाल्या.

"आणि वांगं?" मिलिंदने श्वास रोखून विचारलं.

"वांगं फक्त गुरुवारी."

मिलिंदच्या डोळ्यांत पाणी आलं. फोन ठेवण्यापूर्वी तो दोनदा थँक यू म्हणाला आणि तिसऱ्यांदा भावनेच्या भरात लव्ह यू. बाईंनी मँचेस्टरच्या रीतीप्रमाणे "यू टू, लव्ह" म्हणून तेही पोटात घातलं.

रविवारी तिघं ट्रॅमने निघाले. सुप्रभाताईंनी नारायणपेठी नेसून वर कार्डिगन चढवलं होतं. मंदिर म्हणजे लाल विटांची एक जुनी शाळाच होती, आणि शाळा म्हटल्यावर बाईंची पावलं आपोआप झपझप पडू लागली. दारात चपला काढायच्या होत्या. सुप्रभाताई अर्चनाला म्हणाल्या, "पाहा, इथे माणसं राहतात." स्वागताला करड्या वस्त्रातल्या एक हसऱ्या भिक्षुणी उभ्या होत्या. मूळच्या मलेशियाच्या, पण तीस वर्षं मँचेस्टरात काढलेल्या. फोनवरचा आवाज हाच, हे मिलिंदने ओळखलं आणि तो अर्चनाच्या मागे सरकला.

"इंडियात कुठे?" भिक्षुणींनी विचारलं.

"नागपूर."

"नागपूर! दीक्षाभूमी! मी जाऊन आलेय तिथे. संत्री खाल्लीत!"

दोन महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी "म्हणजे मुंबईजवळ का?" असं विचारलं नव्हतं. सुप्रभाताईंचा चेहरा असा उजळला, की मिलिंदने मनातल्या मनात पॅरिसची ती बोट तिथल्या तिथे बुडवली. बुद्धमूर्तीपुढे नमस्कार झाला. जेवणाच्या हॉलमध्ये पाटी होती, हवं तेवढं घ्या, घेतलेलं संपवा. ती वाचून सुप्रभाताई म्हणाल्या, "ही पाटी आमच्या स्टाफरूममध्ये लावायला हवी होती."

रांग पुढे सरकू लागली. वाफाळता भात आला, कोवळी हिरवी भाजी आली, लाल भोपळा आला, आलं घातलेल्या नूडल्स आल्या. सुप्रभाताईंची थाळी भरत होती आणि मिलिंदची छाती फुगत होती. आणि मग पाचव्या ट्रेसमोर सुप्रभाताई थांबल्या.

ट्रेमध्ये तपकिरी, चकचकीत, कुरकुरीत कातडीचे काप मांडले होते. पुढे स्वच्छ अक्षरात कार्ड होतं, व्हीगन क्रिस्पी डक. त्याच्या पलीकडे व्हीगन प्रॉन. गुलाबी, वळलेले, पाठीवर पट्टे. त्याच्या पलीकडे मासा, काळ्या खवल्यांसकट.

"मिलिंदराव," सुप्रभाताई वर्गात कॉपी सापडल्यावर काढावा तशा आवाजात म्हणाल्या, "हे काय आहे?"

"आई, ते व्हीगन आहे."

"बदक व्हीगन कसं असेल? बदक गोगलगाई खातं. मी तीस वर्षं शिकवलंय."

"तसं नाही हो, ते सोयाबीनचं बनवतात. नुसतं दिसायला बदक."

"सोयाबीनला कातडी असते?"

मिलिंदने भिक्षुणींना हाक मारली. त्यांनी हसत हसत सांगितलं, की यात कुठलाही प्राणी नाही, सगळं सोया आणि गव्हाचं. सुप्रभाताईंनी आदराने हात जोडले आणि मराठीत म्हणाल्या, "बाई चांगल्या आहेत. पण स्वयंपाक त्यांनी स्वतः केला का? नाही ना? मग ही ऐकीव माहिती झाली. पडताळा काय?"

"आई, रांग अडली आहे गं," अर्चना कुजबुजली.

"अडू दे. देवळात बदक शिजवून राहिले आणि मी गप्प बसू?" पदर नाकाशी गेला. थाळी हळूच टेबलावर टेकली. "चला घरी. पिठलं करू."

पिठलं! मिलिंदच्या डोळ्यांपुढे चौदा बायका टाळ थांबवून ऐकत बसलेल्या उभ्या राहिल्या. आता वृत्तांत नुसता पिठल्याचा राहणार नव्हता, जावयाने चातुर्मासात बदकासमोर नेऊन उभं केलं, असा होणार होता.

हे बदक नाही, हे सिद्ध करू शकेल असा एकच माणूस त्या क्षणी तिथे हजर होता. ज्याने खरं बदक खाल्लं आहे असा. आणि तो मिलिंद होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. लग्नाच्या वेळी मिलिंदच्या आईने त्याचा बायोडेटा स्वतः टाइप केला होता आणि त्यात 'शुद्ध शाकाहारी' हे दोन शब्द ठळक केले होते. तेव्हा ते खरेही होते. पण नऊ वर्षांत ऑफिसची लंच झाली, ख्रिसमस पार्ट्या झाल्या, क्लायंट आले, आणि ठळक अक्षरं हळूहळू पुसट होत गेली. घरात याचा कोणालाही पत्ता नव्हता.

तोंड मिटून ठेवलं तर अब्रू जात होती, आणि उघडलं तरी जात होतीच. मिलिंदने अर्चनाकडे पाहिलं, सासूबाईंच्या वळलेल्या पाठीकडे पाहिलं, चिमट्याने एक काप उचलला आणि तोंडात टाकला.

"आई, थांबा," तो चावता चावता म्हणाला. "हे बदक नाही. बदकाच्या कातडीखाली चरबीचा थर असतो, तो यात नाही. आणि बदक दाताला थोडं चिवट लागतं. हे लगेच तुटतं."

सुप्रभाताई सावकाश वळल्या. अर्चना त्याहून सावकाश वळली.

"तुम्हाला कसं माहीत?" सुप्रभाताईंनी विचारलं.

"खाल्लंय," मिलिंद म्हणाला. "चार वेळा." (सहा वेळा.)

हॉलमध्ये कुठेतरी घंटा वाजली. सुप्रभाताईंनी पदर नाकावरून काढला. त्या चिडल्या नव्हत्या. तीस वर्षं प्रयोगशाळेत ज्या उपकरणाची वाट पाहिली, ते अचानक घरातच सापडावं, तसा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता.

"म्हणजे तुलनेला मूळ नमुना आहे तुमच्याकडे!" त्या म्हणाल्या. "मग आधी का नाही सांगितलं? अर्चू, माझी थाळी दे. मिलिंदराव, पुढचं पाहा. कोळंबी."

मिलिंदने कोळंबी खाल्ली. "नाही. कोळंबी चावली की कुरकन तुटते. हिला समुद्राचा वास नाही."

"कोळंबी कधी खाल्लीस तू?" अर्चनाने विचारलं.

"मागच्या ख्रिसमस पार्टीत."

"त्या दिवशी घरी येऊन तू मेतकूट-भात मागितलास. दिवसभर उपाशी आहे म्हणालास!"

"अर्चू, मध्ये बोलू नको, निरीक्षण चालू आहे," सुप्रभाताई म्हणाल्या. "मासा?"

"मासाही नाही. काटा नाही, आणि थर सुटत नाहीत. खवले म्हणजे शेवाळाचा कागद आहे."

"हे काळं, लांबट?"

कार्डावर ईल लिहिलं होतं, म्हणजे सापासारखा दिसणारा मासा. मिलिंद एकवार घुटमळला, पण आता माघार नव्हती. "ईलही नाही. खरी ईल तोंडात विरघळते."

"ईल?" अर्चना एवढंच म्हणाली. पण ते तिने ज्या पद्धतीने म्हटलं, त्याने रांगेतली दोन इंग्रज माणसं मराठी येत नसतानाही एकेक पाऊल मागे सरकली.

"जपानी क्लायंट आले होते," मिलिंद म्हणाला.

मागच्या एका आजोबांनी भिक्षुणींना विचारलं, हे गृहस्थ इन्स्पेक्टर आहेत का? सुप्रभाताईंनी इंग्रजीत उत्तर दिलं, "माय सन-इन-लॉ. एक्स्पर्ट." मग त्या आजोबांनीही आपली थाळी पुढे केली आणि त्यातलं काय काय आहे, ते मिलिंदकडून नीट समजून घेतलं.

आणि मग सुप्रभाताई जेवल्या. दोन महिने मोजूनमापून खाणारी ती बाई बदकाचे सहा काप जेवली, कोळंबी दोनदा घेतली आणि ईल तिसऱ्यांदा घेताना म्हणाली, "साबुदाण्याच्या वड्यापेक्षा हलकं आहे हो." भिक्षुणी स्वतः येऊन गरम सूप वाढून गेल्या. सुप्रभाताईंनी त्यांच्याकडून पाककृती लिहून घेतली आणि त्यांना गोळाभाताची लिहून दिली. शेवटी सगळ्यांनी आपापल्या थाळ्या धुतल्या. सुप्रभाताईंनी आपली धुऊन मिलिंदचीही धुतली, आणि आजवर त्या घराण्यात कुठल्या जावयाचं इतकं कौतुक झालं नव्हतं. सासूबाईंना पोटभर जेवलेलं पाहून मिलिंदला खरंच भरून आलं. नऊ वर्षांची चोरी पकडली गेली होती, तरी त्याला जिंकल्यासारखं वाटत होतं.

परतीच्या ट्रॅममध्ये अर्चना दोन सीट सोडून बसली होती. तिचं बोलणं घरी गेल्यावर होणार होतं. सुप्रभाताईंनी मात्र बसल्या बसल्या फोन काढला आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज सुरू केला.

"मैत्रिणींनो, आज जावयाने मला असं जेवू घातलं, की काय सांगू! मंदिरात, कांदा-लसणाशिवाय, चार प्रकारचं! आणि बाप्पा, आमच्या मिलिंदरावांचा अनुभव तर पाहा. बदक, कोळंबी, मासा, ईल, सगळं त्यांनी आधीच खाऊन ठेवलं होतं, म्हणून माझा चातुर्मास मोडला नाही. असा जावई मिळायला भाग्य लागतं!"

मिलिंदने डोळे मिटून ते शब्द कानांत साठवले. पॅरिस संपलं होतं. बोट संपली होती.

"इतकं छान बोलले मी," सुप्रभाताई म्हणाल्या, "की हाच मेसेज आपल्या दोन्ही घरांच्या ग्रुपवरही टाकला. तुमच्या आई-बाबांनाही कळू दे लेकाचं कर्तृत्व."

ट्रॅम पुढच्या स्टॉपला पोचायच्या आत मिलिंदचा फोन वाजला. पुण्याहून त्याची आई होती.

"मिलिंद, विहीणबाईंचा मेसेज ऐकला. दोनदा ऐकला. बाबांनी गुगलवर ईलचा फोटो शोधून पाहिला."

"आई, ते..."

"बाबा आडवे झालेत. बरे आहेत. विहीणबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांचा नेम मोडला नाही, फार बरं झालं."

"हो, सांगतो."

"आणि दिवाळीला येणार आहेस ना? येताना तुझं ताट तुझं तू घेऊन ये."