सात वेळा कापलेली दोरी

साउलेची तोमिरिस चौदा महिन्यांची झाली तरी चालत नव्हती. बोलायची, चावायची, आजीच्या चष्म्याच्या दोन्ही काड्या मोडून झाल्या होत्या. पण उभी केली की क्षणभर सगळ्यांकडे बघायची आणि पिठाच्या पोत्यासारखी बसकण मारायची. डॉक्टर म्हणाले होते, चालेल, घाई कसली. डॉक्टरांची तिन्ही मुलं चालत होती, त्यांना घाई नसणारच.

घाई सासूबाईंना होती. रविवारी तोमिरिसची दोरी कापायची होती आणि साठ पाहुण्यांना आमंत्रणं गेली होती. मूल पावलं टाकायला लागलं की त्याच्या पायांत काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात आणि एखादी नशीबवान, चपळ बाई ती कापते. कापणारीची चाल मुलाच्या पायांत उतरते, यावर अल्माटीत कोणी वाद घालत नाही. त्यासाठी सासूबाईंनी ताराझहून आपल्या वहिनीला, कुलानला, बोलावून घेतलं होतं. कुलान पासष्टीची. बस चुकली तर चिडायची नाही, चालत जाऊन पुढच्या थांब्यावर तीच बस पकडायची. हॉल ठरला, घोड्याचं मटण सांगून झालं. उत्सवमूर्तीने चालायचं तेवढं बाकी होतं.

आणि नेमकं गुरुवारी सकाळी सासूबाईंची दाढ दुखायला लागली.

"मला दवाखान्यात जायलाच हवं, केलिन," गालावर रुमाल धरून त्या साउलेला म्हणाल्या. केलिन म्हणजे सूनबाई. "आज पोरीला तूच घेऊन जा कामावर. त्या तुझ्या ऑफिसात."

'ऑफिस' म्हणजे 'सफरचंदाची गल्ली'. तीस वर्षांपूर्वी ही मालिका लागली की साडेसातला शहरातली वऱ्हाडंसुद्धा रस्त्यात थांबायची. शेजारशेजारची दोन घरं, मधे एक सफरचंदाचं झाड आणि त्याच्या फांद्यांवरून एकशेबारा भागांचं भांडण. आता ती नव्याने निघत होती. नव्या मालिकेत झाडाच्या जागी गाड्या उभ्या राहत आणि भांडण इमारतीच्या चॅट ग्रुपवर चाले. सासूबाईंना जुने सगळे भाग तोंडपाठ होते. झाड तोडल्याचं कळलं त्या दिवशी त्यांनी सगळ्या बिल्डिंगसमोर जाहीर केलं होतं की असल्या लोकांचं तोंडही बघणार नाही. त्यामुळे साउले तिथे कंटिन्युइटी सांभाळते हे घरात सगळ्यांना माहीत असूनही ती 'ऑफिसात' जायची.

कंटिन्युइटी म्हणजे लक्ष ठेवणं. मागच्या शॉटमध्ये चहाची वाटी अर्धी होती तर पुढच्या शॉटमध्येही अर्धीच हवी. साउलेला हे काम शिकवावं लागलं नव्हतं. मूल झाल्यापासून ती घरातल्या प्रत्येक बटणावर, प्रत्येक शेंगदाण्यावर असंच लक्ष ठेवून होती.

त्या दिवशी जुन्या मालिकेतला सगळ्यात गाजलेला प्रसंग नव्याने घ्यायचा होता. भांडकुदळ शेजारीण आयुष्यात पहिल्यांदा शेजाऱ्यांचा उंबरा ओलांडते आणि त्यांच्या बाळाच्या पायातली दोरी कापते. शेजारणीच्या भूमिकेत तेव्हाही राबिगा हानिम, म्हणजे राबिगाबाई, होत्या आणि आताही त्याच. वय अठ्ठ्याहत्तर, डावा गुडघा कामातून गेलेला. चार पावलं टाकायच्या, थांबायच्या, सगळे आपल्याकडे बघताहेत ना याची खात्री करायच्या आणि मग पुढची चार. जुन्या मालिकेत त्यांनी ज्या बाळाची दोरी कापली होती ते बाळ म्हणजे आताचा दिग्दर्शक येरबोल. तो आयुष्यात कुठेही वेळेवर पोचला नव्हता. आई सांगते म्हणे, अडीच वर्षांचा होईपर्यंत मी चाललोच नाही, असं तो स्वतःच हसत हसत सांगायचा. साउले कधी हसली नव्हती.

ठरवून आणलेल्या बाळाने घोटाळा केला. तो गुबगुबीत मुलगा आदल्याच दिवशी चालायला लागला होता आणि आता थांबायला तयार नव्हता. त्याने टेबलक्लॉथ ओढला, बौर्साकचं, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचं, भांडं उलथवलं आणि गरम बौर्साकांवरून तो दाराबाहेर पळाला. येरबोलला डगमगणारं मूल हवं होतं. त्याची नजर फिरत फिरत तोमिरिसवर येऊन थांबली.

"तुझी चालते?"

"नाही," साउले म्हणाली.

"उत्तम."

चौदा महिन्यांत या उत्तरावर 'उत्तम' म्हणणारा हा पहिलाच माणूस. त्या आनंदात तिच्या तोंडून होकार निघून गेला आणि मग तिला घाम फुटला. दोरी एकदाच कापतात. ती आज कापली गेली तर रविवारी कुलान काय कापणार? आणि आज कापणार कोण, तर चार पावलांनी थांबणाऱ्या बाई. सासूबाईंना कळलं तर दाढ बाजूलाच राहील, सगळी बत्तिशी एकदम दुखेल.

पण साउले शिकलेली होती. तिने दोरी तोमिरिसच्या पायांभोवती नुसती गुंडाळली आणि टोक आत खोचून दिलं. गाठ नाही म्हणजे बांधली नाही आणि बांधलीच नाही तर कापली कशी जाईल. या विचाराने तिला बरंच हलकं वाटलं. राबिगा हानिम येऊन पोचेपर्यंत.

त्यांनी चष्मा लावला, वाकल्या. "हे काय? जखमेची पट्टी?"

"कॅमेऱ्यात कळत नाही, हानिम."

"कॅमेऱ्याला नसेल कळत. मला कळतं." त्यांनी स्वतःच्या हाताने पक्क्या दोन गाठी मारल्या. मग विचारलं, "नाव काय पोरीचं?"

येरबोल म्हणाला, स्क्रिप्टमध्ये दिलनाझ आहे.

"आशीर्वाद स्क्रिप्टला द्यायचाय का पोरीला?"

नाव सांगावं लागलं.

पहिला टेक सुरू झाला. पांढऱ्या कापडावर तोमिरिस, दोन बाजूंनी दोन नट्यांनी तिचे हात धरलेले, मागे शेजारणींची गर्दी. राबिगा हानिमनी दोरी कापली आणि तळहात वर करून आशीर्वाद द्यायला सुरुवात केली. स्क्रिप्टमध्ये दोन ओळी होत्या. त्यांनी तोमिरिसच्या पायांना हरणाचा वेग मागितला, तिच्या वाटेला पाणी मागितलं, सावली मागितली, चांगला नवरा मागितला आणि तो चांगला निघाला नाही तर माहेरी परत यायला सरळ रस्ता मागितला. शेवटी "औमीन" म्हणाल्या.

म्हातारं माणूस आशीर्वाद देत असताना हात खाली ठेवून उभं राहायला कोणालाही लहानपणी शिकवलेलं नाही. खोलीतल्या चाळीस माणसांनी तळहात वर केले, डोळे मिटले, औमीन म्हटलं आणि चेहऱ्यावरून हात फिरवले. त्यात कॅमेरामन होता. सोडलेल्या कॅमेऱ्याने मान टाकली आणि पुढचे अकरा सेकंद गालिच्याचं चित्रीकरण केलं. दोन्ही नट्यांनीही हात सोडून वर केले होते. तोमिरिस मधोमध एकटी उभी राहिली, सगळ्यांकडे बघितलं आणि धपकन बसली. साउले टेबलामागून धावत जाऊन तिला उचलून घेऊन आली. साउलेच्या पाठीसकट सगळा शॉट वाया.

दुसऱ्या टेकला कॅमेरामनने दात आवळून कॅमेरा धरून ठेवला, पण माइकवाल्याने काठी सोडली आणि माइक बौर्साकच्या भांड्यात पडला. तिसऱ्या वेळी येरबोलने डोकं चालवलं. लाइट सांभाळणाऱ्या गेन्नादी काकांना कॅमेऱ्यावर बसवलं. ते रशियन, त्यांना ही सवय नसणार. गेन्नादी काका चाळीस वर्षं अल्माटीत राहत होते. सगळ्यात आधी हात त्यांचे वर गेले आणि सगळ्यात लांबलेलं औमीनही त्यांचंच होतं.

चौथ्या वेळी येरबोलने बजावलं की जो हात उचलेल त्याला घरी पाठवीन. टेक सुरू झाला, आशीर्वाद सुरू झाला आणि चाळीस माणसं हात खिशात कोंबून उभी राहिली. राबिगा हानिम मधेच थांबल्या.

"मी कुठे आलेय? इथे कोणी मेलंय का?"

"शूटिंग आहे, हानिम."

"तुझ्या वेळी पण शूटिंगच होतं. तुझ्या वेळी दिग्दर्शकाने हात उचलले होते. म्हणून तर तू चाललास."

"अडीच वर्षांनी चाललो, हानिम."

"चाललास ना?"

साउलेने कागदावर लिहिलं: टेक चार, दोरी कापली, औमीन नाही. मग क्षणभर तिला आशा वाटली. औमीन नाही म्हणजे हा टेक मोजायचा नाही. पण आधीचे तीन होतेच.

पाचव्या टेकला साउले पुन्हा धावून आत गेली. सहाव्याला "कट" म्हणायचंच राहिलं, कारण येरबोल स्वतः डोळे मिटून औमीन म्हणत होता. मधल्या वेळात साउले चुका लिहीत होती. वाटीतला चहा तिसऱ्या टेकपासून कमी होतोय. शेजारणींत मागे बसलेली जांभळ्या रुमालाची बाई तोंडावर रुमाल धरून सारखी खाली वाकते. तिला सरळ बसायला सांगा. कपडेवाल्या मुलीने जाऊन सांगितलं. बाईने मान हलवली आणि आणखी खाली वाकली.

सातव्यासाठी दोरीच उरली नव्हती. गेन्नादी काकांनी आपल्या बुटाची पांढरी नाडी काढली, कॅमेरामनने काळी दिली, राबिगा हानिमनी दोन्हींना पीळ घातला. येरबोलने हार मानली. कॅमेरा तिवईवर घट्ट आवळला, माइक कपाटाला बांधला आणि म्हणाला, ज्याला जे उचलायचंय ते उचला. मग साउलेकडे वळला.

"फक्त तू जागची हलू नकोस. पडली तर पडू दे. गालिचा आहे खाली."

साउले टेबलामागे बसली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

नाड्या कापल्या गेल्या. हरणाचा वेग झाला, पाणी, सावली, नवरा, सरळ रस्ता. तळहात वर गेले, डोळे मिटले. त्या खोलीत हात वर न केलेली आणि डोळे उघडे असलेली एकटी साउले होती. म्हणून ते तिनेच पाहिलं.

नट्यांनी हात सोडले. तोमिरिस उभी राहिली. तिने आईकडे बघितलं. आई येत नव्हती. सगळ्यांकडे बघितलं, कोणीच बघत नव्हतं. हे तिला आवडलेलं दिसलं नाही. तिने एक पाय उचलला. मग दुसरा. चार पावलं टाकली, थांबली, इकडेतिकडे बघून घेतलं आणि पुन्हा निघाली, पांढरं कापड सोडून, चहाच्या वाट्यांना वळसा घालून, थेट शेजारणींच्या गर्दीत. जांभळ्या रुमालापाशी पोचून तिने तो खाली ओढला.

रुमालाखाली सासूबाई होत्या. दाढ चांगली होती.

"ये गं माझी बाय," असं म्हणत त्यांनी नातीला उचललं आणि चाळीस माणसांसमोर ओक्साबोक्शी रडायला लागल्या. "चालली. जीव ओवाळून टाकते तुझ्यावरून, चालली."

राबिगा हानिमनी चष्मा वर केला. "ही बाई स्क्रिप्टमध्ये आहे का?"

"आता आहे," येरबोल म्हणाला आणि "कट" म्हणाला.

कोपऱ्यात सासू-सून समोरासमोर उभ्या राहिल्या, मधे तोमिरिस, एका हातात बुटाची नाडी.

"दाढ कशी आहे, आपा?"

"बरी आहे." सासूबाईंनी रुमाल नीट केला. "तीस वर्षं बघतेय त्या बाईला. एकदा जवळून बघावं म्हटलं. गर्दीत बसायला बायका हव्यात असं लिहिलं होतं कुठेतरी."

"पण तुम्ही तर यांचं तोंड बघणार नव्हता."

"म्हणून तर माझं झाकून घेतलं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "सात वेळा, केलिन. मी मोजत होते. पहिल्याच वेळी उठून थांबवणार होते. पण मग तू विचारलं असतंस, आपा, इथे कशा?"

"मी तुमच्यापासून लपवणार होते," साउलेने कबूल केलं.

"लपव. कुलानपासून. मी पण तेच करणार आहे. हे टीव्हीवर कधी लागणार?"

"वसंतात."

"वसंतात बघू," सासूबाई म्हणाल्या.

साउलेला कागदावर शेवटची नोंद करायची होती. चहा कमी होता, दोरीच्या जागी नाड्या होत्या, गेन्नादी काकांचा एक बूट उघडा होता आणि जांभळ्या रुमालाची बाई कथानकात कुठेच बसत नव्हती. तिने लिहिलं: टेक सात, सगळं बरोबर.

रविवारी कुलान ताराझच्या गाडीतून उतरली आणि हमाल येईपर्यंत दोन्ही बॅगा घेऊन रस्त्यापलीकडे पोचलीही होती. हॉलमध्ये तिने झरकन वाकून दोरी कापली, साठ माणसांनी औमीन म्हटलं आणि तोमिरिस चालायला लागली. टाळ्या झाल्या, वरून गोळ्या-चॉकलेटं उधळली गेली. "बघा, माझे पाय," कुलान म्हणाली. तिला कोणी नाही म्हटलं नाही.

तोमिरिस पांढऱ्या कापडावरून चार पावलं चालली. थांबली. डाव्या गुडघ्यावर जरा रेलली, सगळे आपल्याकडे बघताहेत ना हे सावकाश पाहून घेतलं आणि मग पुढची चार टाकली.

कुलानच्या कपाळाला आठी पडली. "हिची ही चाल कुठे पाहिलीये मी? ओळखीची वाटते अगदी."

साउलेने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी रुमाल तोंडावर धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

"दाढ," त्या रुमालाआडून म्हणाल्या. "पुन्हा सुरू झाली."