कोऱ्या कापडाचा अर्क

सकीनाचं गाळायचं फडकं मी स्कूटर पुसायला घेतलं, एवढंच झालं. तुम्ही म्हणाल, एका फडक्यानं काय होतंय? शनिवारी सकाळी मीही हेच म्हणालो होतो.

आधी घरचं सांगतो. मी शौकत, पाटबंधारे खात्यात कारकून. मूळ मालेगावचा, बिऱ्हाड नाशकात, इंदिरानगरला. माझी बायको सकीना घरी रिठा, शिकेकाई आणि आवळा उकळून केस धुवायचा अर्क करते. एका खेपेला बारा बाटल्या, त्याहून जास्त नाही. दोन वर्षांत तिनं असं नाव कमावलंय की सोसायटीत मला कोणी शौकत म्हणतच नाही, 'सकीनाभाभींचे मिस्टर' म्हणतात. (वॉचमन 'शाम्पूवाले' म्हणतो. मला टक्कल आहे हे त्याला रोज दिसतं, तरी म्हणतो.) बाटलीवरच्या चिठ्ठीवर तिच्या सुरेख अक्षरात 'सकीना' एवढंच असतं. रिकाम्या बाटल्या मी धुतो, आवळे मी आणतो, तर खाली बारीक अक्षरात माझं नाव घालायला काय हरकत आहे, असं मी एकदोनदा सुचवलं होतं. तिनं ऐकू आलं नाही असं दाखवलं.

त्या आठवड्यात पार्लरवाल्या ललिताताईंचा निरोप आला. एक बाटली पाठवा, माझ्याच केसांवर बघते, पसंत पडली तर दर महिन्याला तीस बाटल्या घेईन. सकीनाच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. अर्क उकळून झाला, आता फक्त गाळून भरायचा, आणि नेमका मालेगावहून फोन आला की तिची बहीण जिया जिन्यावरून घसरली.

"तू जा, मी गाळतो," मी म्हणालो.

"तुम्ही?" तिनं हा शब्द इतका लांबवला की बस चुकायची वेळ आली.

"अगं, वीस वर्षं पाण्याच्याच फायली बघतोय."

"पाणी कुठं बघितलंय?" ती म्हणाली. पण इलाज नव्हता. "हे फडकं घ्या, तीन घड्या घाला. आपोआप गळू द्या, पिळू नका. आणि सगळं स्वच्छ हवं."

ती गेल्यावर मी फडकं नीट पाहिलं. तिच्या जुन्या ओढणीचा तुकडा, धुऊन धुऊन विरलेला, रंग चहाच्या गाळासारखा. तीस बाटल्यांचं गिऱ्हाईक आणि अर्क या पोतेऱ्यातून? मला ते बरोबर वाटेना. फडकं स्कूटरकडे गेलं.

मालेगावात माझ्या थोरल्या भावाचे, अबरारभाईजानचे, चार यंत्रमाग आहेत. दर ईदला तो आम्हाला कापड पाठवतो आणि ते ट्रंकेत पडून राहतं. त्यातलं एक कोरं, करकरीत कापड मी काढलं. मागावरून उतरल्यापासून ज्याला पाणीसुद्धा लागलेलं नाही, त्याहून स्वच्छ काय असणार? (हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते मला बऱ्याच जणांनी ऐकवलं.)

अर्क ओतला. गळेना. दर मिनिटाला एक थेंब, सलाइन लावल्यासारखा. अर्धा तास मी त्याच्यासमोर बसून होतो. शेवटी डोकं चालवलं. अर्क थंड झालाय म्हणून कापड त्याला पुढे सोडत नाही. मग कापडाची पुरचुंडी तशीच पातेल्यात सोडली, चांगली खळखळून उकळली आणि चिमट्यानं धरून पिळ पिळ पिळली.

आणि काय सांगू! सकीनाचा अर्क म्हणजे पाणी, हा दाट, साईसारखा. इतकी वर्षं ही बाई खरा अर्क फडक्यातच सोडत होती, असं मला मनापासून वाटलं. थोडा टकलावर लावून पाहिला. कातडी अशी घट्ट ओढली गेली की दहा वर्षांनी तरुण झालो. बारा बाटल्या भरल्या आणि प्रत्येक चिठ्ठीवर 'सकीना'च्या खाली पेननं लिहिलं, 'आणि शौकत'.

अकरा बाटल्या सोसायटीत वाटल्या, बारावी स्वतः पार्लरमध्ये नेऊन दिली. वर फुकटचा सल्लाही दिला. "ताई, या खेपेला दाट आहे. फार धुऊ नका. मुरू द्या."

सोमवारी सकाळी सकीना परतली, तिनं बुरखासुद्धा उतरवला नव्हता, तोच दारात तळमजल्यावरच्या वत्सलाबाई उभ्या. रिटायर्ड शिक्षिका, बोलणं मोजकं. त्यांची वेणी पाठीवर नव्हती. पाठीपासून वीतभर लांब, आडवी थांबली होती.

"शौकतभाई," त्या म्हणाल्या, "हे मुरलंय."

त्यांच्या मागून ललिताताई आल्या. रात्री केस धुऊन त्यांनी अंबाडा घातला होता. सकाळी पिना काढल्या, आकडे काढले, अंबाडा जागचा हलला नाही. त्यांनी माझ्यादेखत त्यावर टिचकी मारली. टक् असा आवाज आला.

सकीनानं ललिताताईंनी परत आणलेली बाटली उघडली, थेंब दोन बोटांत चोळला.

"पिळलंत?"

"थोडं."

"उकळलंत?"

"थोडं."

"कापड कुठलं?"

"भाईजानचं. अगदी कोरं. पाणीसुद्धा लागलेलं नाही."

ती खुर्चीत बसली. "तुम्ही मालेगावचे ना?" ती हळूच म्हणाली. "मागावर सूत तुटू नये म्हणून ताण्याला खळ लावतात. कोऱ्या कापडात ती सगळी तशीच असते. आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा कोरं कापड आधी धुतं."

म्हणजे मी बारा बाटल्या खळ शिजवली होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती चिठ्ठीकडे बघत राहिली, आणि मला खरंच लाज वाटली. दोन वर्षांचं तिचं नाव मी एका सकाळीत घालवलं होतं.

मग तिनं बाटली परत ललिताताईंच्या हातात दिली. "ताई, चिठ्ठी वाचा. माझ्या बाटलीवर माझं एकटीचं नाव असतं. हा माल यांचा आहे."

ललिताताईंनी वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या टकलाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं पटलं.

सकीनानं कोमट पाण्यानं चार वेळा त्यांचे केस धुऊन दिले. फडकं स्कूटरच्या डिकीतून आणून, सोड्यात उकळून, नवी खेप गाळली. शुक्रवारी तीस बाटल्यांची ऑर्डर पक्की झाली. अट एकच, मिस्टर स्वयंपाकघराबाहेर. अबरारभाईजानला फोनवर हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "शौकत, लोक खळ काढून टाकतात आणि कापड वापरतात. खळ ठेवून कापड फेकणारा खानदानात तूच पहिला."

सोसायटीतून परत आलेल्या माझ्या बाटल्या मी मोरीत ओतायला निघालो, तर वत्सलाबाईंनी अडवलं. उरलेला अर्क त्यांनी सुती साडीला लावून पाहिला होता. साडी अशी उभी राहिली की त्यांना आणखी दोन बाटल्या हव्या होत्या.

सकीनानं बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या सोलल्या आणि नव्या लिहायला बसली. माझी जुनी इच्छा अखेर पुरी झाली. आता बाटलीवर मोठ्या, सुरेख अक्षरात एकट्या माझंच नाव आहे, 'शौकत'. आणि खाली लाल शाईत, 'केसांना लावू नये'.